बार्ज, टग आणि लाँचसाठी डिझेल मॉनिटरिंग: कंपनी निवडण्याआधी काय बघावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जयगड आणि दाभोळ मिळून तुमच्या दोन बार्ज, एक टग आणि तीन लाँच चालतात. फेऱ्या तेवढ्याच, पण डिझेलचं बिल वाढतंय. तीन कंपन्यांची कोटेशनं हातात आहेत. एक टाकीत सेन्सर टाकणार, दुसरी इंजिनाच्या डिझेल लाइनवर फ्लो मीटर (वाहणारं डिझेल मोजणारा) बसवणार, आणि तिसरी इंजिनाच्या कॉम्प्युटरमधूनच आकडे उचलून महिन्याला भाडं घेणार. पत्रकात तिघांनीही अचूकता ९९ टक्के लिहिली आहे, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. तर काम कुणाला द्यावं?

मी आधी परदेशी जहाजांवर इंजिनीअर होतो. गेली बरीच वर्षं याच किनाऱ्यावरच्या बार्ज आणि टगांची इंजिनं बघतो. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि त्यात कंपनीचं नाव मिळणार नाही. बोटी, इंजिनं आणि टाक्यांची ठेवण बघितल्याशिवाय नाव सांगणारा माणूस बहुतेक कमिशनवर असतो.

तिन्ही कंपन्या तुम्हाला वेगवेगळी गोष्ट विकतायत, म्हणून किमती जुळत नाहीत. आधी तुमचं डिझेल नक्की कुठे जातंय याचा अंदाज घ्या. बंकर घेतानाच, म्हणजे बोटीत डिझेल भरून घेतानाच, कमी मिळत असेल. इंजिन जास्त खात असेल, म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले धरलेत, इंजेक्टर झिजलेत किंवा सारंग (बोट चालवणारा) उगाच पळवतोय. जनरेटर रात्रभर चालत असेल आणि त्याचा हिशोबच कुणी ठेवत नसेल. किंवा नांगरावर असताना रात्री होडी येऊन लागत असेल आणि डिझेल विकलं जात असेल. पहिल्या प्रकारात तुमचा वाद टँकरवाल्याशी, दुसऱ्यात तळाशी आणि इंजिनाशी, शेवटच्यात आपल्याच माणसांशी. फ्लो मीटरला टाकीतून कॅनने काढलेलं डिझेल दिसत नाही. टाकीच्या सेन्सरला इंजिन तासाला किती खातंय ते धड सांगता येत नाही. ज्या आकड्यावर तुम्ही समोरच्याशी टेबलावर बसून बोलू शकाल, तो आकडा कोण देतो हे बघायचं.

आता त्या ९९ टक्क्यांकडे येतो, कारण सगळी गोम तिथे आहे.

डिझेल इंजिन जेवढं ओढतं तेवढं जाळत नाही. बरंचसं डिझेल इंजेक्टर थंड करून रिटर्न लाइनने टाकीत परत येतं. जुन्या कमिन्स इंजिनांच्या पीटी जातीच्या डिझेल पंपावर तर परतीचं प्रमाण चांगलंच मोठं असतं. म्हणून दोन मीटर लागतात, एक जाण्याच्या लाइनवर, एक परतीच्या, आणि वजाबाकी म्हणजे खप. उदाहरणापुरते आकडे घेऊ. तासाला २०० लिटर गेलं, १३० परत आलं, ७० जळलं. मीटर एक टक्का चुकीचा म्हणजे जाताना २ लिटर आणि येताना १.३ लिटर. दोन्ही चुका उलट्या बाजूला पडल्या तर ३.३ लिटर, आणि ती चूक मोजायची ७० लिटरवर. म्हणजे जवळपास पाच टक्के. टग आयडलवर उभी असेल तर आणखी मजा. तेव्हा १५० जातं, १४५ परत येतं, ५ जळतं. एक टक्क्याची चूक तिथे तीन लिटरच्या आसपास, पाचावर तीन. टगचा निम्मा दिवस असाच उभ्याने जातो, हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं किंवा तो सांगत नाही.

त्यात तापमानाची भर. परत येणारं डिझेल गरम असतं. डिझेल दर अंशाला साधारण ०.०८ टक्का फुगतं. जाणाऱ्यापेक्षा परतीचं २५ अंशांनी गरम असेल तर १३० लिटरवर अडीच-पावणेतीन लिटर नुसता फुगवटा, आणि तेवढा खप मीटर कमी दाखवणार. म्हणून दोन्ही मीटरवर तापमान सेन्सर आहे का आणि हिशोब १५ अंश या एकाच ठरलेल्या तापमानावर आणून केला जातो का, हे पहिल्याच बैठकीत विचारा. 'ऑटोमॅटिक आहे सर' एवढंच उत्तर मिळालं तर हिशोबाचा नमुना मागा.

मास फ्लो मीटर, म्हणजे कोरिऑलिस जातीचा, थेट वजन मोजतो. त्याला फुगवट्याचा त्रास नाही आणि चूकही दशांश टक्क्यात असते. पण तो कित्येक पट महाग. माझ्या मते तुमच्या बार्जच्या मुख्य इंजिनांसाठी त्याचा विचार करण्यासारखा आहे, लाँचसाठी मुळीच नाही.

याहून स्वस्त एक वाट आहे आणि कुठलाच विक्रेता ती आपणहून सुचवत नाही, कारण त्यात एकच मीटर विकला जातो. बार्जवर डे टँक (रोजच्या वापराची छोटी टाकी) असेल, इंजिन त्यातूनच ओढत असेल आणि परतीचं डिझेलही त्यातच पडत असेल, तर मोठ्या टाकीतून डे टँकमध्ये जाणाऱ्या लाइनवर एकच ओव्हल गिअर मीटर बसवा. वजाबाकीच उरत नाही. दर वॉचला (पाळीला) डे टँक त्याच खुणेपर्यंत भरायचा, मीटरचा आकडा लॉगमध्ये लिहायचा. तासातासाचा आलेख मिळणार नाही, पण दिवसाचा खप असा मिळेल की त्यावर कुणी बोट ठेवणार नाही. अट एकच: डे टँकचा ओव्हरफ्लो मोठ्या टाकीत परत जात असेल, तर भरताना ओव्हरफ्लो होऊ द्यायचा नाही. नाहीतर तेच डिझेल मीटरमधून दोनदा फिरतं.

टाकीच्या सेन्सरबद्दलही असंच. समजा टाकी ४ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. पातळीचा एक सेंटिमीटर म्हणजे ८० लिटर. सेन्सर टाकीच्या एका टोकाला बसवला आणि बार्ज एक अंशाने मागे बसली, तर त्या टोकाला पातळी साडेतीन सेंटिमीटर चढते. स्क्रीनवर २८० लिटर वाढतात किंवा गायब होतात, आणि टाकीत थेंबही हललेला नसतो. भरलेली बार्ज आणि रिकामी बार्ज यांच्या ट्रिममध्ये, म्हणजे पुढे-मागे झुकण्यात, एक अंशाचा फरक सहज पडतो. उपाय म्हणजे सेन्सर टाकीच्या मधोमध, किंवा दोन टोकांना दोन आणि सरासरी. शिवाय टाकीचा तळ बोटीच्या आकारासारखा निमुळता असेल, तर कंपनीने टाकी टप्प्याटप्प्याने भरून स्वतःचा कॅलिब्रेशन तक्ता बनवायला हवा. ड्रॉइंगवरून तक्ता बनवतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून वाटेला लावा. ड्रॉइंगमध्ये आतल्या फ्रेम आणि पाइप धरलेले नसतात.

आणि एक गोष्ट चोरीचा आळ घेण्याआधी वाचा. मे महिन्यात टँकर उन्हात तापून जेटीवर येतो. त्यातलं ५,००० लिटर डिझेल तुम्ही टाकीत घेतलं आणि खाडीच्या पाण्याला लागून असलेल्या टाकीत ते बारा अंशांनी निवलं, की सकाळपर्यंत ५० लिटर आकसतं. फ्लोट किंवा कपॅसिटिव्ह सेन्सर नुसती पातळी बघतो, म्हणून हे ५० लिटर 'गेले' म्हणून दाखवतो. रात्रपाळीचा इंजिन ड्रायव्हर विनाकारण मार खातो. अशा प्रकरणात निर्दोष माणूस काम सोडून गेलेला मी पाहिलाय, आणि चांगला इंजिन ड्रायव्हर जयगडला परत मिळत नाही. पातळी तापमानाशी जोडून दाखवणारी यंत्रणाच घ्या.

तिसऱ्या कंपनीचा मार्ग, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून आकडे घेण्याचा, फक्त इलेक्ट्रॉनिक इंजिनांवर चालतो. तुमच्या लाँचवर जुनी मेकॅनिकल पंपाची इंजिनं असतील तर विषयच संपला. बार्जची इंजिनं नवी असतील तर हा मार्ग सोपा आहे, डिझेलची लाइन कापावी लागत नाही. पण तो आकडा मोजलेला नसतो, इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून काढलेला असतो. इंजेक्टर झिजला की कॉम्प्युटरला पत्ता नसतो. तरी आज आणि काल, हा सारंग आणि तो सारंग, अशी तुलना करायला तो पुरतो. केबल जोडण्याआधी इंजिनाच्या डीलरकडून वॉरंटीबद्दल लेखी घ्या.

लाँचसाठी माझा सल्ला अगदी साधा आहे. आरपीएम, इंजिनाचे तास आणि जीपीएस एवढंच बसवा. जुन्या इंजिनात आरपीएम अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरूनही मिळतो. त्याला जोड रोजच्या डिपची, म्हणजे टाकीत पट्टी घालून पातळी बघायची, धक्क्याला शांत पाण्यात. छोट्या लाँचवर यापेक्षा महागडं काही बसवलं तर वाचलेल्या डिझेलपेक्षा भाडंच जास्त होतं.

बंकरिंगकडे वळतो, कारण माझ्या अनुभवात पहिला संशय तिथे घ्यावा आणि यंत्रणा विकणारे त्याबद्दल सगळ्यात कमी बोलतात. आपल्याकडच्या जेट्या उताराच्या. टँकर नाक खाली करून उभा राहतो आणि तसाच डिप घेतला जातो. उभा कसा आहे यावर पट्टीवरची डिझेलची पातळी बदलते. टँकर सपाटीवर उभा करून, वैधमापनाच्या शिक्क्याचा तक्ता बघून, आधी आणि नंतर डिप घ्या. बिलावर १५ अंशांची घनता असते, ती आणि टँकरमधलं तापमान लिहून ठेवा. डिप रॉडच्या टोकाला पाणी शोधायची पेस्ट लावा, पाणी असेल तर रंग बदलतो. होजमध्ये हवा असेल तर भरण्याच्या लाइनवरचा मीटर हवेलाही डिझेल समजून मोजतो. म्हणून मीटरच्या आधी हवा काढणारं भांडं असलेला सेट घ्या. एवढं सगळं करून बंकर लाइनवर एक चांगला मीटर बसवला, तर निम्म्या बोटींवर बाकीची यंत्रणा घ्यायची गरज राहते का, हे तुम्हीच बघा.

आता वेगाबद्दल, कारण खरी बचत चोर पकडण्यात कमी आणि इथे जास्त आहे. वेग दहा टक्क्यांनी उतरवला की लागणारी ताकद साधारण २७ टक्क्यांनी उतरते, आणि तेवढ्याच अंतराला डिझेल १९ टक्क्यांच्या आसपास कमी लागतं. जयगडहून धरमतरला जाणारी बार्ज रात्रभर पळवून पहाटे धरमतर खाडीच्या तोंडाशी, रेवसच्या बाहेर नांगर टाकते आणि भरतीची वाट बघत बसते, हे दृश्य रोजचं. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत भरतीची वेळ आणि उंची वेगळी, ती तक्त्यात आधीच छापलेली असते. त्या वेळेलाच पोचायचं ठरवून निघालं, तर वाचणारं डिझेल कुठल्याही कॅनपेक्षा मोठं. म्हणून सॉफ्टवेअर बघताना डेमोच्या रंगीत घड्याळांकडे बघू नका. फेरीनिहाय अहवाल मागा: भरलेली की रिकामी, किती तास चालली, किती तास नांगरावर, जनरेटर वेगळा. जीपीएसचा वेग जमिनीवरचा असतो, प्रवाहासोबत जाणारी बार्ज त्यात काटकसरी दिसते आणि प्रवाहाविरुद्ध जाणारी उधळी. जाऊन-येऊन अशा पूर्ण फेरीवरच तुलना करा.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: बार्जवर डे टँकचा मीटर आणि मधोमध टाकी सेन्सर, बंकर लाइनवर मीटर, लाँचवर फक्त आरपीएम आणि डिप. टगचं तिच्या इंजिनावर ठरेल. आयडलचा खप वजाबाकीने नीट कळत नाही, तेव्हा तिथेही डे टँकची वाट जमते का ते आधी बघा.

आता कंपनी. ट्रकमध्ये ट्रॅकर बसवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आता बोटींवर आल्यात. माणसं हुशार असतात, पण त्यांचा डबा चॅसिसला अर्थिंग करून एकाच तारेवर चालतो आणि बोटीवर बहुतेक वेळा जाण्याची आणि परतीची अशा दोन्ही तारा वेगळ्या लागतात. खाऱ्या हवेत साधे स्क्रू आणि कनेक्टर पहिल्या पावसाळ्यातच हिरवे पडतात. डबा आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाणारा) आहे का, फिटिंग ३१६ स्टेनलेसची आहे का, हे विचारा, आणि त्यांच्याच एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाच्या बोटीवर, दोन पावसाळे खाल्लेला डबा उघडून बघायला मागा. हे एक काम दहा प्रेझेंटेशनच्या तोडीचं.

दुसरं, लाइन कापण्याचा प्रश्न. मीटर जाम झाला तर इंजिन उपाशी राहून बंद पडतं. खाडीच्या तोंडावर, मागून लाट येत असताना इंजिन बंद पडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे प्रत्येक मीटरला बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे मीटर टाळून डिझेल इंजिनाकडे सोडणारा, हवाच. आणि तो सीलबंद हवा, उघडला की तारीख-वेळेसकट नोंद व्हायला हवी, नाहीतर सगळा धंदाच बायपासमधून चालतो. रिटर्न लाइनवर मीटर बसवल्याने मागचा दाब वाढतो, त्याची मर्यादा इंजिन बनवणाऱ्याच्या पुस्तकात दिलेली असते, ती कंपनीने लेखी तपासून द्यावी. नवे जोड एक्झॉस्टच्या आसपास नकोत आणि त्यांना झाकण हवं. गरम पाइपवर उडालेलं डिझेल ही इंजिनरूमच्या आगीची जुनी कहाणी आहे. बोट इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या जहाजं तपासून दर्जा देणाऱ्या संस्थेच्या क्लासमध्ये असेल तर काम सुरू होण्याआधी सर्व्हेअरला कळवा. नंतर कळलं तर काढून टाका म्हणतील, आणि ते बरोबरच असेल.

तिसरं, नेटवर्क. किनाऱ्यापासून थोडं बाहेर गेलं की मोबाइलची रेंज जाते, आणि खाड्यांत कड्यांच्या आडही जाते. डब्यात स्वतःची मेमरी हवी, रेंज आली की सगळं मागचं पाठवणारी. किती दिवसांचं साठतं ते विचारा. सॅटेलाइटवर पाठवू म्हणाले तर भारतात त्या साधनाला सरकारी परवाना लागतो. तो कोण काढणार हे करारात लिहा. तुमच्या फेऱ्यांना सॅटेलाइटची गरज मला दिसत नाही.

करारात एक ओळ मी कधीच सोडत नाही: मिनिटामिनिटाचे कच्चे आकडे मालकाचे, आणि ते कधीही साध्या फाइलमध्ये उतरवून घेता येतील. सेन्सर ४-२० मिलिअँपिअर किंवा मॉडबससारख्या सर्वसाधारण भाषेत बोलणारे घ्या. कंपनी उद्या बंद पडली किंवा भाडं दुप्पट केलं, तर डबा बदलता येतो आणि सेन्सर तसेच राहतात. सर्व्हिस इंजिनीअर कुठे राहतो तेही विचारा. पुण्या-मुंबईहून जयगडला 'उद्या येतो' म्हणणारा माणूस परवा निघतो. रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात त्यांचा माणूस नसेल, तर सुटे भाग तुमच्या गोदामात ठेवायला लावा आणि तुमच्या इलेक्ट्रिशियनला शिकवायला लावा.

चाचणी तुम्ही ठरवायची, त्यांनी नाही. बोट धक्क्याला, शांत पाण्यात. शिक्क्याच्या मापाने १०० लिटर मोजून टाकीतून काढा आणि बघा किती दाखवतंय, किती वेळाने. मग तेच नांगरावर, डोलताना, रात्री, त्यांना न सांगता. नंतर एक आठवडा फुल टाकी ते फुल टाकी खप काढा आणि मीटरशी ताडून बघा. तीन-चार टक्क्यांत जुळलं तर मी खूश असतो. त्याहून चांगलं जुळेल असं आधीच छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे मी जरा निरखून बघतो.

आणि सारंगाला, ड्रायव्हरला आधी विश्वासात घ्या. चोरून बसवलेला सेन्सर पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कळतो आणि दुसऱ्या आठवड्यात त्याची वायर 'उंदराने' तोडलेली असते. आकडा व्हीलहाउसमध्येच दिसू द्या. वाचलेल्या डिझेलचा काही भाग खलाशांना मिळेल असं ठरवलंत तर निम्मं मॉनिटरिंग तेच करतात.

वेळेबद्दल शेवटचं. लाँच पावसाळ्यात वर काढता तेव्हा टाक्या रिकाम्या असतात, कॅलिब्रेशन आणि पाइपचं काम तेव्हाच करून घ्या. पण वर काढलेल्या बोटीवर यंत्रणेची परीक्षा होत नाही. म्हणून शेवटचा हप्ता, बिलाच्या पाव हिश्शाइतका, बसवल्याच्या दिवशी द्यायचा नाही. नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा पाण्यात येतील, लागोपाठ दोन बंकरचा हिशोब जुळेल, तेव्हा द्यायचा. या अटीवर कुरकुर करणाऱ्याचं कोटेशन मी बाजूला ठेवतो, मग ते कितीही स्वस्त असो.

बार्जच्या इंजिनांची मॉडेलं, डे टँक किती लिटरचा आहे आणि ओव्हरफ्लो कुठे जातो, एवढं लिहिलंत तर मीटरचा साइज आणि तो नेमका कुठे बसवायचा ते सांगतो.